चाळीसच्या वर नाही

कसारा घाटात तिसऱ्या वळणावर
तिनं धापा टाकायला सुरुवात केली.
पहिला गिअर, मागे निमा, दोन अंगांना पत्र्याच्या पेट्या.
शेजारून एक टेम्पो निघून गेला
आणि त्यातल्या शेळ्या बराच वेळ
आमच्याकडे वळून पाहत राहिल्या.
निमा म्हणाली, उतरू का?
त्यापेक्षा शिवी दिली असती तरी चाललं असतं.

म्हणून दारुखान्यात.
पायाखाली लोखंडाचा भुगा करकरतो त्या गल्लीत
मोडलेल्या जहाजांचे दरवाजे भिंतीला टेकून उभे,
त्यांच्या मागे परकारचाचांची मशीन.
चाचांनी इंजिन उघडलं, सिलिंडर हातात धरला,
विहिरीत डोकावावं तसं आत पाहिलं.
"किती हवं?"
"बसेल तेवढं."
"बसतं सगळंच. टिकत नाही."

दोन मिलिमीटरवर सौदा ठरला.
मला वाटत होतं ताकद म्हणजे काहीतरी घालायचं असतं.
इथे तर आतली भिंत सोलत चालली होती
आणि खाली ट्रेमध्ये
खवलेल्या नारळासारखा चकचकीत कीस पडत होता.
मी त्यातला चिमूटभर कागदात बांधून घेतला.
का, ते विचारू नका.

सांगायचं राहिलं : मी विम्याचा सर्व्हेअर.
वीस वर्षं लोकांच्या मोडक्या गाड्यांवर वाकून लिहीत आलोय,
"मूळ रचनेत बदल, सबब दावा नामंजूर."
भांडुपच्या एका पोरानं कॅबिनमध्ये पाय धरले होते.
त्याचा तर नुसता सायलेन्सर होता.
तो आठवला नेमका होनिंग चालू असताना,
आणि चाचा म्हणाले,
"टॉर्च नीट धरा, रणदिवेसाहेब."

मग मोठा पिस्टन. मग एकशे वीसचा जेट.
मग एअरबॉक्सच्या झाकणाला तौसिफनं पाडलेली भोकं,
त्यातलं एक वाकडं.
"आता वजन उतरवा. फुकटची ताकद."
पेट्या उतरल्या. क्रॅशगार्ड उतरला.
"आणि ही पाठटेक?"
निमाच्या कमरेसाठी चेंबूरला वेल्ड करून घेतलेली,
साडेतीन किलोची, दिसायला अगदी भिकार.
"ती राहू द्या."
चाचांनी पाना खिशात टाकला.
बोलले काही नाहीत,
फक्त मागचं चक्र दोन दातांनी वाढवलं.

तिसऱ्या किकला ती बोलली.
घसा बसलेल्या माणसाला अचानक खर्ज सापडावा तसा आवाज.
मी मूठ पिळणार तोच चाचांचा हात माझ्या हातावर.
"पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर नाही.
रिंग आणि भिंत, ओळख होऊ दे त्यांची आधी."

तर आता हा असा चाललोय,
आठवड्याच्या आठवडे, पोटात सगळं दाबून.
डोक्यावर फ्रीवे : दुचाकीला मनाई.
पलीकडे खाडीवरचा तो लांबलचक पूल : तिथेही मनाई.
खाली आम्ही, पाण्याच्या टँकरांच्या रांगेत,
अडतीस, एकोणचाळीस.
बॅटरीच्या स्कूटरवरचा एक डिलिव्हरीवाला
शीळ घालत पुढे गेला.
मनगटाला खाज सुटते, खरंच सांगतो.

"नक्की केलंस काय?" निमा मागून ओरडते.
"होती तशीच तर चाललीय."
"आत केलंय."
"किती लागले?"
मी निम्मा आकडा सांगितला.

मग शिवडीचा पूल आला,
चढ म्हणावा असाही नाही, उगीच आपला फुगवटा.
पूर्वी इथे गिअर उतरवायला लागायचा.
मी मूठ हलवली नाही. तरी ती चढली,
झोपेत कूस बदलावी इतक्या सहज.
निमा काही बोलली नाही.
फक्त पाठटेकीचा स्प्रिंग कुरकुरला, ती मागे रेलली तेव्हा.
मीटरवर दोनशे बारा.