कानावर घालणे

बैठक साठ मिनिटांची.
त्यातली पहिली पन्नास
तांब्याच्या खाणींची, रुळांच्या रुंदीची,
विमानांना उतरू द्यायचं की नाही याची.
मग कपबशा बदलतात.
मग आमच्या मंत्रीणबाई खाकरतात
आणि हेलसिंकीहून आणलेला कागद
पालथा होता तो उताणा करतात.

मी त्या दोघांच्या मध्ये, जरा मागे,
पाण्याचा ग्लास खुर्चीखाली ठेवून.
मला कुणी पाहायचं नसतं.

कागद आधी तीन मजले फिरला होता.
तळमजल्यावर त्यात ‘निषेध’ होता.
दुसऱ्यावर ‘तीव्र चिंता’ झाली,
व्यापार खात्यातून परत आला
तेव्हा ‘तीव्र’ गळालेलं.
सालोवारासाहेबांनी समासात पेन्सिलीने विचारलं:
नाव घ्यायचंच का?
खाली पिर्कोने शाईने लिहिलं: घ्यायचंच.
पिर्को टेबलावरच डबा खाते,
तिच्या फायलींना राईच्या पावाचा चुरा लागलेला असतो.

नाव तोजिनिसो.
डोंगरातल्या शाळेत मास्तरीण.
हजेरीपटात गैरहजर पोरांच्या नावापुढे
ती कारण लिहायची, नियमच होता तसा:
ताप. जर्दाळूची तोडणी.
बापाला मंगळवारी रात्री नेलं.
बापाला गुरुवारी रात्री नेलं.
नऊ वर्षं झाली शिक्षा, हजेरीपट पुराव्यात.

मंत्रीणबाईंनी ते नाव घेतलं
नि मधलं एक अक्षर गिळलं.
मी ते परत जागेवर ठेवलं.
मग त्या म्हणाल्या, आमच्या सरकारला चिंता वाटते.

माझ्या आईच्या भाषेत त्याला दोन शब्द आहेत.
एक पत्रकात छापतात.
दुसरा रात्री उशिरापर्यंत
दाराची कडी न लावता बसून असतो.
मी दुसरा उच्चारला.
आमच्या धंद्यात याला चूक म्हणतात.

समोरच्या उपमंत्र्यांनी मान वर केली.
पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं,
माझ्या बोलण्यात कुठल्या दरीचा हेल आहे
हे ओळखल्यासारखं.
क्षणभरच.
मग त्यांनीही आपला कागद उताणा केला.
म्हणाले, ही आमची अंतर्गत बाब.
आणि तुमच्या उत्तरेच्या सामी लोकांचं काय,
त्यांच्या रेनडिअरांच्या वाटेवर तुम्ही काय खणताय?

तेही काही खोटं नव्हतं.
तेही मी नीट सांगितलं, एक शब्द न गाळता.
मंत्रीणबाईंनी ते टिपून घेतलं.
घड्याळ पाहिलं दोघांनीही.

संध्याकाळच्या निवेदनात आलं:
मोकळ्या वातावरणात सर्व विषयांवर चर्चा.
त्या ‘सर्व’मध्ये ती होती,
गुडघे पोटाशी घेऊन बसलेली.

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं,
असं मी विमानात पिर्कोला म्हणाले.
ती म्हणाली, लपवेनात.
भांडं नेलं होतं ना?
मी उत्तर दिलं नाही.
खाली ढग होते, कुठल्या देशावरचे कोण जाणे.

अडीच महिन्यांनी एका मावसभावाकडून निरोप आला,
तो दुसऱ्या कुणाकडून, तो तिसऱ्या:
तोजिनिसोला तिचा चष्मा परत मिळाला.
एक काडी मोडलेली, दोऱ्याने बांधलेली.
आमच्यामुळे? माहीत नाही.
तुरुंगाचा साहेब बदलला असेल.
त्याच्याही पोरीला कमी दिसत असेल.
पिर्कोने फायलीत तारीख घातली
आणि पुढे एकच शब्द: चष्मा.
त्याखाली अर्धं पान कोरं सोडलं.

पुढची बैठक नोव्हेंबरात, विषय सातवा.
काल लिफ्टमध्ये मंत्रीणबाई भेटल्या,
हातात ओली छत्री.
म्हणाल्या, ते नाव पुन्हा एकदा सांगता?
तो-जि-नि-सो, मी म्हटलं.
दोनदा चुकल्या.
चौथा मजला आला, दार उघडलं,
त्या तशाच उभ्या राहिल्या, ओठ हलवत,
दार पुन्हा मिटेपर्यंत.