उपकथा

गुरुवारची रात्र. रुवीतली खोली, खाली शिंप्याचं दुकान.
एसीचं पाणी बादलीत टपटपतंय
आणि मुबीन परकार म्हणतो, "लाव. बघू तरी."

नऊ सीझन आम्ही ती शाळा पाहिली.
नळातून केस, फळ्यावर उलटी अक्षरं,
तिसऱ्या मजल्यावरची ती मुलगी, जिला गुडघेच नाहीत.
हा नवा भाग तिचा नाही.
शाळेच्या वॉचमनचा आहे,
जो मूळ मालिकेत दुसऱ्याच भागात मेला.
तोंडसुद्धा धड काढलं नव्हतं त्याचं.

इथे त्याला नाव आहे. डबा आहे.
बिजागऱ्यांना तेल घालतो,
बायकोला कळवतो, काम हलकं आहे.
अर्धा तास झाला, भुताचा पत्ता नाही.
मुबीन घोरायला लागला.

मला माहीत आहे तो कधी मरणार.
तारीख, जिना, टॉर्चचा संपलेला सेल, सगळं.
तो बापडा शीळ घालत
एकेक दिवा मालवत येतोय.

तीन दिवे उरले तेव्हा थांबवलं.
खाली सबटायटल तसंच :
"उद्या रजा टाकीन म्हणतो."

बादली काठोकाठ. ती ओतून आलो.
तो अजून जिन्याखालीच,
एक पाय उचललेला.