रकाना

या महिन्यापासून फॉर्मवर नवी ओळ आली आहे:
गेल्या सहा महिन्यांत आपण पडलात का? हो / नाही.
मंगळवार, शुक्रवार ड्रेसिंगचे.
अमळनेरचं ऊन दारापर्यंत येऊन थांबलेलं,
बाकड्यावर ओळीनं पाय.

उखर्डू महाजन म्हणाले, नाही.
मग गुडघ्यावर हे काय?
"पडनू नही वं बहीन, बशी गऊ."
बसले. मोरीत. पहाटे चारला.
सून उठेपर्यंत
गळक्या नळाचे थेंब मोजत.

सुपडाबाईही पडल्या नाहीत,
त्यांना ओटा लागला.
तोताराम टेलरचा नुसता झोक गेला.
याकूब मिस्त्री म्हणतात, फरशीच जरा वर आली.
पडतो तो कापसाचा भाव,
पडतात त्या वावधनात केळी.
माणसं पडत नाहीत.
मी "नाही"वर खूण करत जाते.

जखमेचं मात्र सगळं मोजतो आम्ही.
पारदर्शक कागद ठेवून काठाकाठानं पेन फिरवते,
सात सेंटिमीटर, पुढच्या महिन्यात साडेसहा.
वास किती, पाणी किती,
दुखणं दहापैकी किती.
मग चार थरांची पट्टी, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत,
आणि तो पाय कुठल्याच चपलेत मावत नाही.
मामांनी चपलेचा अंगठा ब्लेडनं कापलाय, सुतळी बांधलीय.
सुतळी आवळायला ते वाकतात
तेव्हा डावा हात हवेत भिंत शोधतो.
भिंत हातभर लांब.
हे लिहायला जागा नाही.

तीस वर्षं मिलमध्ये साच्यापुढे उभे होते.
उभं राहण्याचाच पगार होता, म्हणतात,
पाय त्यातच खर्ची पडले.
आधीची तीन भावंडं गेली, म्हणून
जन्मल्या जन्मल्या यांना उकिरड्यावर ठेवलं,
शेजारणीनं उचललं,
आईनं पायलीभर ज्वारी देऊन परत घेतलं.
टाकलेलं पोर देव कशाला नेईल?
"पहिलं पडणं तर नावातच आहे,
तुम्ही सहा महिन्यांचंच विचारता."
आणि हसले, दात नसलेलं, मोठ्ठं.

पुढच्या शुक्रवारी आले नाहीत.
मंगळवारीही नाहीत.
आमच्याकडेच येत होते.
रिक्षातून उतरताना, आमच्याच पायरीपाशी,
सुतळी सुटलेली.
मी आत दुसऱ्याची पट्टी सोडत होते,
बाहेर गलका झाला, वाटलं, नंबरावरून भांडतायत.

खुबा. धुळ्याला नेलं.

दोन महिन्यांनी सून आली, पिशवीत
धुऊन, गुंडाळून ठेवलेल्या पट्ट्या.
"कोणाला तरी होतील.
जखम भरली, बाई. एकदम कोरडी.
निजूनच असतात ना आता."
मी फाइल काढली.
माप: शून्य.
डॉक्टरांनी खाली लिहिलं, उत्तम.

आज मी बाकडं ओढून भिंतीला लावलंय.
झाडूवाल्या मावशी कुरकुरतात, मागचं पुसायचं कसं?
पायरीला कठडा हवा म्हणून अर्ज दिला आहे,
त्यावर आवक नंबर पडला, एवढं झालं.

आणि प्रश्न मी माझ्यापुरता बदललाय.
सुपडाबाई, विचारते,
मनात नसताना कितीदा बसावं लागलं?
त्या बोटांची पेरं मोजू लागतात,
थांबतात, पदरानं तोंड पुसतात,
मग दुसरा हात
पुढे घेतात.