वीस मिनिटं

सोहारच्या या खोलीत फ्रिज एक, माणसं पाच.
माझं इन्सुलिन खालच्या कप्प्यात,
मल्याळी भावांच्या माशांच्या पिशवीमागे,
चष्म्याच्या जुन्या डबीत लपवलेलं.
शरफुद्दीन खोतांचं मात्र दारातच, अंड्यांच्या खाचेत,
आल्यागेल्याला दिसेल असं.

मी सत्तावीसचा. दंडाला चिकटलेलं बटणाएवढं यंत्र
दर पाच मिनिटांनी फोनला आकडा सांगतं.
ऑगस्टच्या उन्हातही मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो.
व्हिसा नव्याने व्हायचाय, गावी मुली बघणं चालू आहे;
आई म्हणते, एवढ्यात बोलू नकोस कुठे.

खोत एकसष्टचे. तीस वर्षं बंदरात, क्रेनच्या वंगणात.
डाव्या पायाची दोन बोटं गेली, ती म्हणे
"हर्णैच्या कब्रस्तानात जागा धरायला पुढं गेलीत."
साखरेला ते "ती" म्हणतात. आज ती रुसलीय.
बिर्याणीआधी दोन युनिट जास्त टोचतात, हा तिचा हप्ता.
मी चिडतो. असा अंदाजाने घेतात का डोस?
"तू तिच्याशी भांडतोस, इंजिनेरा. मी नांदतो."

मला हे वाक्य आवडत नाही.
ती आली तेव्हा त्यांचं घर बांधून झालं होतं,
तीन पोरं शाळेत होती.
माझ्याकडे ती आली
तेव्हा मी दहावीच्या बाकावर होतो.

रमजानचा अठरावा रोजा, डॉक्टरने नको म्हटलेला.
शुक्रवारी संध्याकाळी पलंगाच्या कडेवर बसून
ते मला थोरल्या मुलाच्या नावाने हाका मारू लागले.
बनियन ओलंचिंब. मी बाह्या वर सारल्या,
त्यांचं बोट टोचलं : अठ्ठेचाळीस.
साखर पाण्यात कालवली. त्यांनी दात आवळले.
मी जबडा धरला.
मल्याळी भाऊ दारात उभे,
त्यांच्याकडे पाहावं की माझ्या दंडाकडे, त्यांना कळेना.

शुद्धीवर आले ते घड्याळाकडे बघतच.
"मगरीबला वीस मिनिटं होती," म्हणाले.
"वीस मिनिटं, रे."
अजान झाली. ताटलीतले खजूर तसेच.
रात्री दिवा मालवल्यावर, भिंतीकडे तोंड करून :
"झोपताना दुखतं का ते, दंडावरचं?"
"कुशीवर झालो तर."

सहरीच्या वेळी फ्रिज उघडल्याचा आवाज आला.
सकाळी पाहिलं, माझी चष्म्याची डबी
दारात, अंड्यांच्या खाचेत, त्यांच्या पेनाला टेकून.

मी ती काढून पुन्हा आत ठेवली.
माशांच्या मागे नाही.
दह्याच्या पुढे.