काजळीचे ठिपके

लुइसटाउनला जानेवारीत उजाडतं आठला.
मी सातला सुटतो.
हेडफोन काढून ठेवला तरी
कानांवर त्याचा दाब तासभर राहतो,
टोपी काढल्यावर कपाळावर राहतो तसा.

गॅरेजमध्ये दिवा, गॅसची शेगडी,
आणि पकडीत आवळलेलं अक्रोडाचं लाकूड.
निम्मं अजून फळीच आहे,
निम्म्याचा रायफलीचा दस्ता झालाय.

फळी आयनार स्टुवलँडची.
त्याच्या कोठारात एकोणीस वर्षं वाळत पडलेली,
टोकांना मेण, मेणावर पेन्सिलीने तारीख.
त्याच्या बायकोने पैसे घेतले नाहीत.
म्हणाली, पुरी झाली की दाखव.
आयनारची एकही पुरी झाली नव्हती,
हे तिला ठाऊक होतं, आणि मलाही.

काम असं:
रॉकेलची चिमणी पेटवायची,
पोलाद तिच्या धुरावर धरायचं काळं होईतो,
मग खाचेत अलगद बसवायचं,
मुठीने एक ठोका. उचलायचं.
लाकडाला जिथे तीट लावल्यासारखा ठिपका उमटला
तिथे ते अडतंय.
तेवढंच खरवडायचं, केसाएवढं.
पुन्हा चिमणी.
एका सकाळी पाच वेळा, फार तर सहा.

रात्री मला हात नसतात.
नुसता आवाज असतो.
पत्ता सांगा. श्वास चालू आहे का. मी इथेच आहे, फोन ठेवू नका.
मंगळवारी ग्रास रेंजच्या पलीकडची एक बाई
माझ्यासोबत आकडे मोजत
नवऱ्याची छाती दाबत होती बावीस मिनिटं,
आणि गाडी बर्फात, चाळीस मैल दूर.
मग दारात बूट वाजले, फोन बंद झाला.
पुढचं आम्हाला कुणी कळवत नाही.

लाकूड कळवतं.
लागतंय, की लागत नाही.
तिसरं काही त्याच्याकडे नसतं.

शेजारच्या टेबलावरची देल्फीन एकदा म्हणाली,
ज्या वस्तूपायी निम्म्या रात्री आपण जागतो
तीच तू घरी जाऊन घडवतोस?
मी हरणांचं सांगितलं, थंडीत फ्रीजर भरण्याचं,
आजोबांचं सांगितलं.
दोन्ही खरं होतं.
तिने मान हलवली आणि कॉफी आणायला गेली,
माझ्यासाठीही.

तसा कॉल आला की त्या सकाळी
मी पोलादाला हात लावत नाही.
ओलं फडकं फिरवतो लाकडावरून,
रेषा उभ्या राहतात अंगावर काटा आल्यागत,
वाळल्या की पॉलिशपेपरने निजवतो.
पुन्हा ओलं फडकं.
शेगडीतला गॅस संपतो, थंडी बोटांत चढते,
आणि कधीतरी लक्षात येतं
की मघापासून मी कुणाचाच श्वास मोजत नाहीये.

मार्च सरताना एकदा उचललं
आणि खाच सगळीकडे सारखी काळी.
खरवडायला काही उरलंच नव्हतं.
मी तसाच बसलो, हत्यार हातात घेऊन,
घरी पाहुणे येऊन गेल्यावर बसतात तसा.

मग जवसाचं तेल.
आयनारचा हिशेब:
आठवडाभर रोज,
महिनाभर आठवड्याला,
वर्षभर महिन्याला,
पुढे जन्मभर वर्षातून एकदा.
जन्म कुणाचा, ते त्याने सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात, रस्त्यावर घोट्याएवढा चिखल,
मी ती गोधडीत गुंडाळून घेऊन गेलो.
स्टुवलँडबाईंनी आधी बोल्ट उघडून आत पाहिलं,
रिकामी आहे ना, सवयीने,
मग दस्ता नाकाशी नेला.
बराच वेळ.
उडवून पाहिलीस?
अजून नाही.
हं, म्हणाल्या,
आणि चष्मा पुसत पुसत:
ट्रॅक्टरच्या मागे अजून एक फळी आहे.
मेणावरची तारीख त्याच्या शेवटच्या शरदातली,
अक्षर जरा हललेलं.

पुरती वाळायला अजून सहा वर्षं तरी लागतील.
उचलली, आणि गाडीत आडवी घातली.