वीस अंश

बाहेर भुसावळ सेहेचाळीसवर,
आत डेव्हलपरला हवेत वीस.
हिरामण आप्पा कुल्फीवाल्याकडून बर्फ आणतात,
पिशवीत बांधून ट्रेला टेकवून ठेवतात.
"हलवू नको जास्त, माय. त्याचं तो येईन."

मालगाडी गेली की एन्लार्जर थरथरतो.
तेवढं थांबायचं. मग मोजायचं,
एकशे एक, एकशे दोन,
आणि सायकलच्या तारेवरची पुठ्ठ्याची चकती
मुलीच्या तोंडावर फिरवायची, चार आकडे.
उजेड अडवला की रंग उजळतो.
यावलच्या, सावद्याच्या, बोदवडच्या
कितीजणी या चकतीखालून
गोऱ्या होऊन पाकिटात गेल्या.

आज माझी निगेटिव्ह.
केस पांढरे, दात काळे,
टिकली म्हणजे उजेडाचं एक भोक.
चकती खिळ्यालाच राहू दिली.
एकशे आठपर्यंत मोजलं
हात पाठीशी धरून.

लाल दिव्यात कागद कोरा, कोराच,
मग भुवया, वेणी,
मग हा सगळा
उन्हात भाजलेला चेहरा.

आप्पांनी चिमट्यानं उचलला,
खिळ्याकडे बघितलं एकदा.
"हायपो राह्यला तर पिवळा पडीन," म्हणाले,
"बराच वेळ धू."