मापांची वही

मंगळवारी समुद्राला सुट्टी.
होड्या वाळूवर, जाळी उन्हात,
आणि बुकोममधले रिकामे पुरुष
माझ्या दुकानासमोरच्या बाकावर
मेलेल्यांच्या लढती लावत बसतात.

विषय एकच. आपला नॉर्टेई,
सहा फूट सात इंच, लंडनहून आणलेला पट्टा,
पापाफियोसमोर किती फेऱ्या टिकला असता?
'चार,' गवंडी म्हणतो.
'पापाफियोचा हात तरी पोचला असता का?'
त्याचा पुतण्या फोन पुढे धरतो,
नॉर्टेईचा तो ठोसा सतराव्यांदा सावकाश दाखवतो.
'सावकाश केलं की कुणीही थोर दिसतो.
पापाफियोला आम्ही एकदाच पाहिलं,
आणि तेही त्याच्याच वेगात.'

मी मशीन थांबवत नाही.
साटिनच्या चड्डीत इलास्टिक भरताना
मान वर केली की सुई बोटात.

'डेडेई, तू सगळ्यांची मापं घेतलीस. सांग.'

खालच्या खणात वही आहे.
आधी आईचं अक्षर, मग माझं,
मध्ये रॉकेलचा डाग.
पापाफियो: कंबर चौतीस, मांडी बावीस,
झगा जांभळा, पैसे नंतर.
त्या 'नंतर'पुढे पान कोरंच.
सोवा, ज्याला 'रेल्वे' म्हणत: कंबर छत्तीस.
दोन वर्षांनी एक्केचाळीस.
मग सदतीस, घाईत, दुसऱ्याच शाईनं.
मग काही नाही.

आणि क्पाक्पो. त्याचं नाव बाकावर कुणी घेत नाही.
त्याला पापाफियोनं अस्मान दाखवलं
आणि सहा वर्षांनी सोवानं, त्याच मैदानात.
दोघांच्या मुठींचं वजन ठाऊक असलेला
या किनाऱ्यावर तो एकटाच.
जाळी विणता विणता मला म्हणाला होता,
'पापाफियोचा ठोसा तेव्हा दुखला.
सोवाचा अजून दुखतो,
हरमॅटनचा कोरडा वारा सुटला की.'
एवढीच तुलना मी आजवर ऐकली,
बाकी सगळं तोंडाच्या वाफा.
पण क्पाक्पो गेला, आणि नॉर्टेईचा ठोसा
त्यानं कधी खाल्ला नव्हता.

नाताळात नॉर्टेई आला होता.
दारातून वाकून, तरी कपाळ आपटलंच.
त्याच्या चड्ड्या आता कंपनी पाठवते,
मापं म्हणे यंत्र घेतं, प्रकाशानं, अंगाला न शिवता.
फक्त एक बिल्ला उसवला होता, कुठल्याशा बँकेचा.
मी टाके घालत होते तेव्हा तो वही चाळत होता.
पापाफियोच्या पानावर थांबला.
टेप उचलली, स्वतःच्या मांडीला गुंडाळली.
एकतीस.
'म्हणजे तो एवढासाच होता, मावशी?'
हसला नाही. टेप गुंडाळून ठेवायलाही विसरला,
आपल्या मांडीकडे असा बघत राहिला
जणू ती कुणाकडून उसनी आणलीय.

मग स्वतःचं पान शोधलं.
नॉर्टेई, वय अकरा: कंबर बावीस.
खाली माझी टीप, माया जास्त ठेवणे.
'ही माया म्हणजे?'
'आत दुमडलेलं कापड. वाढलास तर उसवायला.'

जाताना पैसे दिले. त्या वहीत पहिल्यांदा
मी 'मिळाले' असं लिहिलं.
अक्षर ओळखू येईना मलाच.

बाकावर अजून सातवी फेरी चालू आहे.
गवंड्याचा पापाफियो दोरांना टेकलाय,
पुतण्याच्या फोनची बॅटरी संपलीय,
आणि केंकीवालीची मिरची दोघांनाही ठसका देतेय.
उद्या होड्या निघतील, निकाल लागायचा राहील.

मी हातातली चड्डी उलटी करते.
निळं साटिन, कोपऱ्यावरच्या नव्या पोराचं.
दीड बोट माया ठेवते.
त्याला जिंकायचंय, किंवा हरायचंय.
अंग दोन्हीनं सुटतं.